राजाच्या पंगतीतला व्यंगचित्रकार

मागच्या वर्षी मी ऑफिसच्या ग्रुपवर एक चित्र टाकलं होतं. आमची सोमवारची मीटिंग, मॅनेजर तल्लीन होऊन बोलतोय, समोर अकरा काळे चौकोन आणि एका चौकोनातून कुकरची शिट्टी. पहिला हसरा चेहरा मॅनेजरचाच आला. 'अजून काढ रे,' असंही तो म्हणाला. दोन महिन्यांनी आमच्या टीममधली चार माणसं एका दुपारी कमी केली गेली. त्या रात्री मी त्याचंही चित्र काढलं. ते मात्र टाकलं नाही, फोनमध्येच ठेवलं.

फ्रिट्झ फॉन दार्देलची चित्रं मी पाहायला लागलो ती याच सुमारास. नाव ऐकलेलं नसेल तर हरकत नाही, मीही ऐकलं नव्हतं. जन्म 1817, मृत्यू 1901. स्वीडिश सैन्यातला अधिकारी, दरबारी आणि चित्रकार. जन्माने मात्र तो नशातेलचा. हा प्रांत त्या काळात एकाच वेळी स्वित्झर्लंडचा भाग होता आणि प्रशियाच्या राजाच्या मालकीचाही. आई स्वीडनच्या उमराव घराण्यातली. तरुणपणी तो स्वीडनला गेला, लष्करात शिरला, मध्ये पॅरिसला जाऊन लेओं कोनिए या चित्रकाराकडे शिकला. परतल्यावर युवराज कार्लच्या वर्तुळात आला. हा युवराज 1859 मध्ये पंधरावा कार्ल म्हणून गादीवर बसला. तो स्वतःही निसर्गचित्रं काढायचा आणि कविता करायचा. म्हणजे बॉसलाही चित्रकलेचा नाद!

दार्देलची खरी ताकद मोठ्या तैलचित्रांत नाही. ती आहे पेनाने भरभर ओढलेल्या रेषांत आणि वरून दिलेल्या हलक्या जलरंगांत. नाचाचे दिवाणखाने, फुगलेले घागरे, पोट आत ओढून उभे राहिलेले अधिकारी, प्रवासातली फजिती. माणूस कसा उभा राहतो यावरून त्याचा हुद्दा ओळखता यावा, इतकी त्याची नजर तयार आहे. ही नजर मला लष्करी वाटते. वर्षानुवर्षं परेडवर उभ्या राहिलेल्या माणसालाच कळतं, की रुबाब हा बराचसा पाठीच्या कण्याचा आणि बटणांचा मामला असतो. फोनवर झूम करून पाहिलं तरी ही चित्रं टिकतात, कारण ती मुळातच छोट्या कागदासाठी, हातात धरून हसण्यासाठी काढलेली आहेत.

पण हसायचं कुणी? माझा आक्षेप इथे सुरू होतो. दार्देलची बरीचशी चित्रं दरबारातल्या मित्रमंडळींतच फिरायची. ज्यांची चेष्टा केली, तेच प्रेक्षक. त्याच शतकात पॅरिसमध्ये ओनोरे दोमिएने राजा लुई-फिलिपला खादाड राक्षसाच्या रूपात रंगवलं आणि त्यापायी 1832 मध्ये त्याला सहा महिन्यांची कैद झाली. 1835 मध्ये तर फ्रान्सने कायदा करून राजकीय व्यंगचित्रांचं तोंडच बांधलं. दार्देल पॅरिसला शिकला, पण हा धडा घरी घेऊन आला नाही. त्याच्या वाट्याला कैद नाही, पदं आली. 1860 च्या दशकात तो ललित कला अकादमीच्या प्रमुखपदी होता.

मराठीत 'दरबारी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, त्यामुळे निकाल इथेच लावून टाकावासा वाटतो. पण दार्देलने आणखी एक गोष्ट केली. तो खेड्यांकडे वळला. दालार्ना प्रांतातले शेतकरी, त्यांचे पोशाख, त्यांचे समारंभ त्याने काढले. हे कपडे झपाट्याने नाहीसे होत होते, म्हणून ही चित्रं आज दस्तावेज आहेत. 1867 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनने लोकपोशाख घातलेले माणसाच्या उंचीचे पुतळे मांडले, तेही याच आवडीतून. पुढे 1873 मध्ये आर्तूर हाझेलियसने स्टॉकहोममध्ये लोकजीवनाचा संग्रह खुला केला आणि 1891 मध्ये स्कान्सेन हे उघड्यावरचं संग्रहालय उभं केलं.

आता त्याच 1867 सालाकडे दुसऱ्या बाजूने बघा. त्या वर्षी स्वीडनमध्ये वसंत आलाच नाही म्हणावं इतकी थंडी लांबली, पिकं बुडाली. उत्तरेत लोकांनी झाडाची साल पिठात मिसळून भाकरी केली. पुढच्या दोन वर्षांत हजारो लोक अमेरिकेच्या बोटीत चढले. तिकडे पॅरिसमध्ये स्वीडिश शेतकरी रंगीत कपड्यांत, पोट भरलेला, स्थिर उभा. दार्देलच्या खेड्यातही मला उपाशी माणूस सापडत नाही. उमरावांचं फुगलेलं पोट ज्याला अचूक दिसतं, त्याला आत गेलेलं पोट दिसत नाही. डोळे अधू नव्हते, हे नक्की. तो ज्या खुर्चीवर बसून काढत होता, तिथून तेवढंच दिसत होतं.

त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तो आयुष्यभर लिहीत होता. त्याच्या आठवणी आणि रोजनिशी 1910 च्या दशकात अनेक खंडांत प्रसिद्ध झाल्या. दरबारातल्या कुरबुरी, राजाच्या सवयी यांसाठी इतिहासकार आजही त्या उघडतात. पण तोवर राजाला जाऊन चाळीस वर्षं होत आली होती आणि लिहिणाराही उरला नव्हता. तिखट होतं, पण पंगत उठल्यावर वाढलेलं.

त्याचा नातू नील्स दार्देल. त्याने नावातलं उमरावी 'फॉन' टाकून दिलं आणि 1918 मध्ये 'मरणासन्न डँडी' हे चित्र काढलं. नटवा तरुण मरायला टेकलाय आणि हातात आरसा आहे. आजोबांनी ज्या वर्गाला गुदगुल्या केल्या, त्याच्या मरणशय्येजवळ नातू उभा राहिला, असं मला ते चित्र बघताना वाटतं. ते आज स्टॉकहोमच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

म्हणून माझं मत असं : दार्देल उत्तम निरीक्षक आहे, रेषेवर त्याची हुकमत आहे, त्याच्याकडून शिकावं. पण त्याला धाडसी म्हणू नये. ज्या चित्रावर राजाही हसतो, त्या चित्राला परवानगी आधीच मिळालेली असते. हे मी त्याच्याबद्दल लिहितोय तेवढंच माझ्या कुकरच्या शिट्टीबद्दलही.

मागच्या महिन्यात त्या चौघांपैकी एक जण चहाला भेटला. त्याला दुसरी नोकरी लागली होती. मी फोन काढून ते न टाकलेलं चित्र दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं, दोन बोटांनी मोठं करून स्वतःचा चेहरा शोधला. मग फोन परत देत म्हणाला, "भारी काढलंयस. तेव्हा टाकायला हवं होतंस पण."

मी चहाचे पैसे दिले.