दस्त्यावरून बंदूक ओळखू नये

गेल्या बैठकीत लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांतील शिकारी रायफलींवर निबंध वाचला गेला. घराघरांत जाऊन नोंदी करणं सोपं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली आणि या वस्तू भिंतीवर राहिल्या. त्या मोजून ठेवल्या, हे मोठंच काम झालं. माझा आक्षेप एका गोष्टीला आहे. निबंधकारांनी रायफलीची जात लाकडावरून ठरवली, आणि त्याच जोरावर एका कुटुंबाला तडकलेल्या दस्त्याऐवजी ‘माउझरचा दस्ता’ मागवायचा सल्ला दिला.

निबंधातलं छायाचित्रच त्याविरुद्ध साक्ष देतं. त्या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यांत आहे. मागचा दस्ता वेगळा, नळीखालचं लाकूड वेगळं, मध्ये लोखंडी खोबण. माउझरचा दस्ता एकसंध असतो आणि खालून दोन स्क्रूंनी बसतो. म्हणजे ही लीच्या धाटणीची बंदूक. ब्रिटिश अमदानीत लष्करी .३०३ काडतुसावर खासगी माणसाला बंधनं होती, म्हणून बीएसएनं हिंदुस्थानासाठी .३१५ बोअरच्या शिकारी रायफली काढल्या. पुढे त्याच बोअरच्या रायफली आपल्या सरकारी कारखान्यांतही झाल्या. माउझरचा दस्ता हिला बसणारच नाही, पैसे फुकट जातील.

नुसतं ‘ली-एन्फील्ड’ म्हणूनही भागत नाही. नंबर १ मार्क ३ आणि नंबर ४ यांचं पुढचं लाकूड एकमेकांना चालत नाही. नंबर १ वर कारखाना, साल आणि मार्क बहुधा खोबणीच्या उजव्या बाजूला, बोल्टच्या दांडीखाली कोरलेले असतात. आधी ते वाचावं. मागच्या दस्त्याच्याही लांब्या वेगवेगळ्या, आखूडवर एस, लांबवर एल असा ठसा असतो. आणखी एक: नंबर १ मध्ये दस्त्याच्या आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकतं. पुढचं लाकूड न काढता तो बोल्ट फिरवला, की ते लाकूड चिरतं. एक दस्ता बदलायला जाऊन दुसरं लाकूड गमावायचं!

दुसरी रायफल खरोखर माउझर दिसते, पण कुठली? नळीवरच्या इंग्रजी दुकानाच्या नावावरून ते कळत नाही, कारण रिग्बीसारखे कारागीरही माउझरच्या ॲक्शनवरच बंदुका बांधत. १८९८ च्या नमुन्यात बोल्टला पुढे दोन आणि मागे तिसरा कान असतो, आणि बोल्टची दांडी उचलतानाच स्प्रिंग ताणली जाते. १८९३-९५ च्या नमुन्यांत तिसरा कान नाही, स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना ताणली जाते. ९८ मध्येही मध्यम, प्रमाण आणि मॅग्नम अशा लांब्या आहेत. प्रमाण ॲक्शनच्या दोन स्क्रूंमधलं अंतर साधारण १९९ मिलिमीटर. हे अंतर मोजल्याशिवाय दस्ता मागवू नये. मोजमाप अर्थातच परवानाधारकानं, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्यावं. बसवायचं काम मात्र परवानाधारक कारागिराचंच.

मग लाकडाला काहीच किंमत नाही का? उलट आहे. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीबद्दल मिळालेली .२७५ रिग्बी घ्या. १९०७ चा उल्लेख असलेली चांदीची पट्टी तिच्या दस्त्यावरच आहे. तो दस्ता बदलून फेकला असता तर राहिली असती फक्त एक चांगली माउझर. लोखंड बंदुकीची जात सांगतं, लाकूड तिच्या मालकाचं आयुष्य सांगतं. निबंधकारांनी या दोन साक्षी एकात मिसळल्या.

म्हणून नोंदवहीत दोन रकाने हवेत: लोखंडावरचे ठसे आणि मापं एकात, लाकडावरच्या खुणा, पट्ट्या, दुरुस्त्या दुसऱ्यात. आणि त्या कुटुंबाला माझं सांगणं एवढंच, की नवा दस्ता जरूर बसवा, पण तडकलेला जुना चुलीत घालू नका.