डॉ. कोटणीसांची कहाणी आणि आजचे युद्ध

व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा १९४६ सालचा बोलपट आम्ही अलीकडे पुन्हा पाहिला. सोलापुरात बसून या कृतीचे गुणदोष सांगणे म्हणजे घरच्या देवाची पारख करण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या माणसाविषयी आपल्याला आदर आहे, त्याच्या कथेत काय सांगितले गेले आणि काय गळले, हे पाहणे आदराला बाधक नव्हे. शिवाय २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चाल केली तेव्हापासून ही जुनी कथा केवळ जुनी राहिलेली नाही. बलाढ्य शेजाऱ्याने दुसऱ्या राष्ट्रात सैन्य घुसविले असता दूरच्या तिऱ्हाइताने काय करावे, हाच तिचा मूळ विषय आहे.

हकीकत वाचकांच्या परिचयाची आहे. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईत वैद्यकीचे शिक्षण पुरे करून, जपानच्या आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ काँग्रेसने पाठविलेल्या पथकातून ते १९३८ च्या सप्टेंबरात निघाले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी व कोटणीस असे ते पाच डॉक्टर होते. वडील निवर्तल्याची वार्ता कळल्यावरही ते परतले नाहीत. पुढे बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, क्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशी त्यांनी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला.

आता बोलपटाकडे वळू. शांतारामांनी कोटणीसांची व जयश्रीबाईंनी छिंगलानची भूमिका केली आहे. वसंत देसाई यांचे संगीत आहे. परक्या देशातील युद्ध भारतीय प्रेक्षकाला आपल्या घरातले वाटावे, ही कामगिरी या कृतीने निःसंशय साधली आहे. परंतु नायकाच्या मृत्यूपाशी तिचा पाय घसरतो. बोलपटातील कोटणीस एका भयंकर साथीवर उपाय शोधतात आणि त्याच साथीला बळी पडतात. हे रचलेले आहे. खरे कोटणीस कोणत्याही एका दिव्य क्षणी मेले नाहीत. अपुरी औषधे, हलते रुग्णालय आणि अखंड जागरणे यांत, आजार अंगावर काढीत ते झिजले. शोधाच्या यज्ञात पडलेली आहुती डोळे दिपविते. झिजणे मात्र रोजचे, कंटाळवाणे आणि म्हणूनच अधिक कठीण असते. बोलपटाने कठीण ते टाकून दिपविणारे घेतले.

ज्या पुस्तकावरून हा बोलपट निघाला, ते ख्वाजा अहमद अब्बास यांचे १९४४ चे इंग्रजी पुस्तक. त्याच्या नावाचा अर्थ 'आणि एक परत आला नाही' एवढाच आहे. पाच गेले, चार आले, ही वजाबाकी त्या नावातच मांडलेली आहे. बोलपटाने त्या जागी 'अमर' हा शब्द बसविला. हा फरक आम्हांस मोठा वाटतो. परत न आलेल्याचे देणे लागते. अमर झालेल्याला हार घातला की काम भागते.

त्या देण्याचा हिशेब मांडू गेल्यास प्रथम आपला भ्रम दूर होतो. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने जपानी मालावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. हे योग्यच झाले; पण आमच्या गिरणगावाला त्याची तोशीस किती पडली? स्वस्त जपानी कापड हे आपल्या गिरण्यांचे प्रतिस्पर्धीच होते. तेथे नीती आणि नफा एकाच वाटेने चालत होते. ज्यांची वाट वेगळी होती, त्यांनी काय केले? जपानला बहुतांश तेल अमेरिकेकडून मिळे. युद्ध १९३७ च्या जुलैत पेटले आणि तेल १९४१ च्या ऑगस्टात तोडले गेले. मधली चार वर्षे व्यापार चालूच राहिला. आमच्या तत्कालीन राज्यकर्त्यांनी तर जपानच्या दडपणाखाली १९४० साली तीन महिने ब्रह्मदेशाचा रस्ता चीनसाठी बंद ठेवला. आणि शेवटी तेल तुटले तेव्हा जपान माघारी वळला नाही. पर्ल हार्बरवर तुटून पडला. आर्थिक कोंडी उशिरा आली तर ती युद्ध थांबवीत नाही, पसरवूही शकते, हा त्या काळाचा धडा आहे.

आजचा प्रसंग याहून गुंतागुंतीचा आहे. जपान तेलाचा याचक होता. रशिया तेलाचा विक्रेता आहे. पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियाचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठविले आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या तेलाला पिंपामागे ६० डॉलरची मर्यादा घातली. तरीही २०२३ साली रशियाचे उत्पन्न वाढले. किएव्ह काही दिवसांत पडेल हा होरा चुकला आणि तेथून रशियाला मागे फिरावे लागले, हे खरे. पण तीन लाख राखीव सैनिकांची भरती, इराणी ड्रोन आणि उत्तर कोरियाचे तोफगोळे यांच्या जोरावर २०२५ संपले तरी लढाई संपली नाही. हे चालू ठेवण्यास लागणारा पैसा तेल विकत घेणाऱ्यांकडूनही आला. भारताच्या तेल-आयातीत रशियाचा वाटा २०२२ पूर्वी २ टक्क्यांहून कमी होता. पुढे तो एक-तृतीयांशाहून अधिक झाला. याच कारणास्तव अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर २५ टक्के जादा कर लादला, आणि सोलापुरी टॉवेलही त्या कक्षेतून सुटला नाही. नीती आणि नफा यांच्या वाटा या खेपेस फुटल्या आहेत.

२ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या आक्रमणाचा निषेध झाला. १४१ राष्ट्रे बाजूने, ५ विरुद्ध आणि ३५ तटस्थ. तटस्थांत भारत होता, आणि चीनही होता! ज्याने १९३८ साली मदतीचा हात पसरला तो आणि ज्याने तो धरला तो, असे दोघेही त्या दिवशी एकाच बाकावर मूग गिळून बसले. चीनचे नेते भारतात आले म्हणजे कोटणीसांच्या कुटुंबाची आवर्जून भेट घेत. आम्हीही त्यांच्या नावाचा गौरव करतो. परंतु ज्या कृत्याचा हा गौरव, त्या कृत्याची आठवण मतदानाच्या वेळी कोणास झाली नाही.

यावर कोणी म्हणेल की गरीब देशाने स्वस्त तेल सोडावे काय, आणि उपदेश करणाऱ्यांचे स्वतःचे हात तरी स्वच्छ आहेत काय? आक्षेप पोकळ नाही. युरोपानेही युद्ध पेटल्यावर रशियाचा वायू दीर्घकाळ विकत घेतला. आपल्या सरकारने युक्रेनला औषधे धाडली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान किएव्हला गेले तेव्हा 'भीष्म' नावाचे चार फिरते रुग्णालय-संच भेट दिले. १९३८ च्या रुग्णवाहिकेशी याचे नाते सांगता येईल. मात्र एक भेद विसरता येणार नाही. कोटणिसांच्या पथकाने जपानशी व्यापार करून उरलेल्या नफ्यातून मलमपट्टी नेली नव्हती. जखम कोणी केली, हे उघड बोलूनच ते निघाले होते.

सरकारांच्या अडचणी सरकारांना ठाऊक. पण पाच डॉक्टरांचे ते पथक कोणत्या सरकारने धाडले होते? देश परतंत्र होता आणि राज्यकर्ते जपानशी सलोखा राखून होते. पैसा लोकांनी वर्गणीने जमविला. सरकार मुके असताही लोक बोलू शकतात, हीच या कथेची खरी शिकवण आहे, आणि साथीच्या रोमहर्षक प्रसंगाने ती झाकली गेली आहे. त्यातही सोलापूरकरांना ती नव्याने सांगण्याचे कारण नसावे. मे १९३० मध्ये या शहराने लष्करी कायदा अंगावर घेतला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेले. तेव्हा कोटणीस विशीचे होते. परक्या बंदुकीखालचे शहर कसे असते, हे त्यांना चीनमध्ये शिकावे लागले नाही.

भैय्या चौकातील त्यांचे घर आज स्मारक झाले आहे. तेथे मुले नेली जातात, हे उत्तम. हा बोलपटही त्यांना अवश्य दाखवावा. मात्र घरी परतल्यावर ते साथीने मेले नाहीत, एवढे सांगावे. आणि मुलाने 'मग आज तसे कोण जाते?' असे विचारल्यास, विषय बदलू नये.