‘परका’ की ‘आणलेला’?

वन्यप्राणिविषयक मराठी लेखनात ‘मूळचा’ आणि ‘परका’ ही विशेषणे पुष्कळदा प्राण्याच्या अंगभूत गुणांप्रमाणे योजिली जातात. वस्तुतः ती प्राणी आणि स्थळ यांचा संबंध सांगतात. वर्धा जिल्ह्यातील बोरच्या टेकड्यांत रोही, म्हणजे नीलगाय, मूळचाच. तोच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील टेक्ससमध्ये नेला गेला आणि तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या मुलखात आगंतुक ठरला. प्राणी एकच, विशेषण मात्र पालटले.

‘परका’ या शब्दाचा दुसरा दोष असा की, त्यात कर्ता लोपतो. ‘आणलेला’ या धातुसाधितात आणणारा माणूस सूचित राहतो.

बोर १९७० मध्ये अभयारण्य व २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. त्या परिसरातील गवळाऊ गुरे पाळीव खरी, परंतु त्यांचा वाण याच मुलखात घडला. रोही गवताबरोबर झाडपालाही खातो. गुरांचा भर गवतावर असतो. तेव्हा त्यांच्यातील स्पर्धा ऋतू आणि चारा पाहूनच ठरवावयास हवी. गुरांना सरसकट ‘परकी’ म्हटल्यास हा प्रश्न तपासण्यापूर्वीच निकालात निघतो, आणि त्याचा भुर्दंड गवळ्यावर पडतो. परिभाषा घडविताना एवढे भान राखणे अगत्याचे आहे.