ऐंशी टक्के म्हणजे किती दिवस?

अक्कलकोट ते सोलापूर हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. छातीत कळा येऊ लागलेल्या माणसासाठी मात्र ते मिनिटांत मोजायचे असते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली की तिच्यापुढचा स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत मिळाले, तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो. बारा तासांनंतर तो फारसा उरत नाही. ते द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी आधी हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजेच ईसीजी, काढावा लागतो. शासनाच्या आरोग्यसुधारणांकडे आम्ही येथे या साध्या यंत्राच्या बाजूने पाहणार आहोत.

महाराष्ट्रातील एक मोठी सुधारणा २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत सोलापूर होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. आरंभी ९७१ उपचार आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपये अशी मर्यादा होती. २०२३ च्या निर्णयाने ती पाच लाखांवर नेली आणि योजना राज्यातील सर्व कुटुंबांना खुली केली.

या योजनेमुळे जमीन गहाण न टाकता शस्त्रक्रिया होऊ शकते, ही गोष्ट लहान नाही. किमतींच्या बाबतीतही शासनाने धाडस दाखवले. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रोहिणीत बसवायच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवण्यात आली : साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधाचा लेप असलेल्याला २९,६०० रुपये. त्याआधी लेपाच्या स्टेंटवर छापलेली किंमत सरासरी १ लाख २१ हजारांच्या आसपास होती.

मग आक्षेप कशाला? एकूण खर्च म्हणजे किंमत गुणिले संख्या. शासनाने किंमत बांधली. संख्या मात्र पैसा ज्या वाटेने येतो त्या वाटेने वाढते. योजना पैसे देते ते रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णावर केलेल्या, यादीतल्या उपचारासाठी. शासकीय रुग्णालयालाही ते मिळतात, पण तो उपचार तेथे होत असेल तरच. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्टेंट बसवत नाहीत. शिवाय महागड्या यंत्राचा भांडवली खर्च दिवसाला दोन रुग्ण आले काय आणि वीस आले काय, तेवढाच राहतो. म्हणून असे यंत्र घेणारा जेथे रुग्ण भरपूर तेथेच जातो, म्हणजे शहरात. यात कोणाचा दुष्टावा नाही. हा हिशेबाचा परिणाम आहे. शेवटी होते असे की, स्नायू मेल्यावर बसवायच्या स्टेंटला पैशाची वाट आहे आणि तो मरण्याआधी काढायच्या ईसीजीला ती नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या व उपचार मोफत झाले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण बंद पडलेल्या यंत्रावरची तपासणी मोफत असून काय उपयोग?

यंत्रे बंद असण्याची बाब ऐकीव नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २९ राज्यांतील सरकारी आरोग्यसंस्थांच्या यंत्रांची मोजदाद केली. सुमारे ४,५६४ कोटी रुपयांची साडेसात लाखांहून अधिक यंत्रे आढळली; त्यांपैकी निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के नादुरुस्त होती. त्यानंतर २०१५ मध्ये देखभालीचा कार्यक्रम आखला गेला. यंत्र किती काळ चालू राहिलेच पाहिजे, याची किमान मर्यादा त्यात ठरली : जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के.

आकडे ऐकायला बरे वाटतात. त्यांचे दिवस करून पाहू. ९५ टक्के म्हणजे वर्षातले सुमारे १८ दिवस यंत्र बंद राहिले तरी नियम मोडत नाही. ९० टक्के म्हणजे ३६ दिवस आणि ८० टक्के म्हणजे ७३ दिवस! आता ईसीजी यंत्र आणि हृदयाला विजेचा झटका देणारे डिफिब्रिलेटर अशी दोन यंत्रे एकाच वेळी हवी आहेत असे समजा. प्रत्येक ९० टक्के काळ चालू असेल आणि त्यांचे बिघाड एकमेकांवर अवलंबून नसतील, तर दोन्ही चालू असण्याची संभाव्यता ०.९ × ०.९ = ०.८१. म्हणजे वर्षातले जवळजवळ ६९ दिवस दोहोंपैकी एक तरी बंद.

दूरच्या गावी कारागीर पोचायला वेळ लागतो म्हणून तेथे सवलत जास्त, असे याचे समर्थन होऊ शकते. परंतु मोठ्या रुग्णालयात एक यंत्र बिघडले तर शेजारच्या कक्षातले आणता येते. लहान केंद्रात मात्र दुसरे यंत्रच नसते. ज्याला पर्याय नाही त्याच्याच बाबतीत अपेक्षा सर्वांत कमी ठेवणे हे तर्काला धरून नाही. आमच्या मते ही उतरंड उलटी हवी. नवी यंत्रे घेण्याच्या रकमेतच दुरुस्ती, सुटे भाग आणि अचूकतेची नियमित तपासणी यांची तरतूद असावी, आणि लहान केंद्रांना बदली यंत्र तालुक्यातच मिळावे.

शिक्षकांना येथे गणिताचा एक चांगला पाठ मिळतो. नववी-दहावीच्या मुलांना टक्केवारीचे दिवस करायला सांगा. तीन यंत्रे लागली तर संभाव्यता किती उरते, हे काढू द्या. मग गावच्या आरोग्य केंद्राच्या अधिकाऱ्यांना रीतसर विनंती करून विचारा : कोणती यंत्रे आहेत, आणि गेल्या वर्षी प्रत्येक यंत्र किती दिवस बंद होते? मुलांना उत्तर मिळाले तर वर्गात आलेख निघेल. नोंदच ठेवलेली नसेल, तर तेही एक निरीक्षणच आहे, आणि ते ग्रामसभेत मांडण्याजोगे आहे.