माहिती आणि मंडळ : पंडिता रमाबाईंची दोन पुस्तके

पंडिता रमाबाईंच्या दोन प्रतिमा आपल्या मनात रुजल्या आहेत. एक, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेली विदुषी. दुसरी, केडगावच्या मुक्तिसदनात निराधार स्त्रियांवर सावली धरणारी माउली. या दोहोंच्या मध्ये तिसरी एक रमाबाई उभी आहे. ती माहिती जमवते, शिस्तीने मांडते आणि त्या माहितीच्या आधारे अनोळखी माणसे एकमेकांशी जोडते. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झालेल्या तिच्या दोन पुस्तकांचा आम्ही येथे याच दृष्टीने विचार करणार आहोत.

पहिले पुस्तक इंग्रजी. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ १८८७ साली फिलाडेल्फियात छापले गेले. तेथील स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्याच महाविद्यालयाच्या पदवीधर डॉ. आनंदीबाई जोशी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत निवर्तल्या होत्या. त्यांची स्मृती या पुस्तकावर सर्वत्र पसरली आहे. पुस्तकाची रचना साधी आहे. बालपण, विवाहित जीवन, वैधव्य अशा क्रमाने लेखिका स्त्रीच्या आयुष्यातून वाचकाला नेते. प्रत्येक टप्प्यावर शास्त्रवचन येते, रूढी येते आणि मग १८८१ च्या जनगणनेतील आकडा येतो. आकड्याने वाचक थबकतो न थबकतो, तोच रखमाबाईंचे पत्र पुढे येते. नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम मिळालेल्या स्त्रीचे ते पत्र आहे. एकटा आकडा कोरडा असतो आणि एकटी कहाणी अपवाद म्हणून बाजूला सारता येते. रमाबाईंनी दोन्ही शेजारी ठेवली आणि सुटकेची वाट बंद केली. हे त्यांचे खरे लेखनकौशल्य होय.

शेवटच्या प्रकरणातले आवाहनही ढोबळ नाही. तरुण विधवांसाठी घरे हवीत, एवढे सांगून लेखिका थांबत नाही. त्या घरांत ग्रंथालये असावीत, आसपासच्या वाचू इच्छिणाऱ्या स्त्रियांनाही ती खुली असावीत, तेथे व्याख्याने व्हावीत, असा तपशील ती देते. आश्रय आणि माहिती ही तिच्या लेखी एकाच इमारतीची दोन दालने आहेत. याचा परिणामही झाला. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी ‘रमाबाई मंडळे’ निघाली. वर्षाला एक डॉलर, असे दहा वर्षे देण्याचे वचन सभासदांनी दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, ते या वचनांच्या बळावर.

तथापि या पुस्तकाची मर्यादा त्याच्या शीर्षकातच आहे. शेतात राबणारी कुणब्याची बाई, गावकुसाबाहेरची महारीण त्याच्या कक्षेत येत नाही. शिवाय परक्या दात्यांसमोर मांडणी करताना इथली स्त्री दुःख सोसणारी म्हणूनच ठळक होते. काही करू पाहणारी स्त्री मागे राहते.

ही उणीव दुसऱ्या पुस्तकाने भरून काढली, असे आमचे मत आहे. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ १८८९ साली निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडला. प्रवासवर्णन म्हणून त्याची नोंद होते आणि तेथेच विषय संपतो. वस्तुतः त्यातील स्त्रीविषयक विवेचन म्हणजे मराठी स्त्रीला संघटनेचे शास्त्र शिकवणारा पाठ आहे. रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज १८८२ सालीच स्थापन केला होता; हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर मागितल्या होत्या. मंडळ चालवताना काय अडते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. १८८८ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय स्त्री-परिषदेत त्या स्वतः बोलल्या. म्हणूनच मद्यपानबंदीसाठी झटणाऱ्या अमेरिकन स्त्रियांविषयी लिहिताना त्या नुसत्या थक्क होत नाहीत. या स्त्रिया एकत्र कशा आल्या, त्यांनी कार्य कसे विस्तारले, हे त्या जाणकार नजरेने न्याहाळतात. अमेरिकेवर त्यांचा लोभ आहे आणि तो काही ठिकाणी डोळस राहत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण काळ्या माणसांना आणि तेथील मूळ रहिवाशांना मिळालेल्या वागणुकीवर त्या पांघरूण घालत नाहीत.

दोन्ही पुस्तकांचे पुढे काय झाले, ते पाहिले म्हणजे मन खिन्न होते. इंग्रजी पुस्तकाला मंडळे लाभली. मराठी पुस्तकाला तसे भाग्य लाभले नाही. पैसा समुद्रापलीकडून येत राहिला आणि विश्वास मात्र शेजारच्या वाड्यात आटत गेला. १८९३ साली धर्मांतराच्या वादात न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात कोणाचे किती चुकले, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. दूरच्यांनी बांधलेले जाळे जवळच्यांनी सोडले की मधली मुलगी पडते, एवढे मात्र त्यातून दिसते.

आज माहितीचा दुष्काळ नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, संरक्षण अधिकारी नेमण्याची तरतूद केली, नोंदणीकृत सेवाभावी संस्थांनाही त्यात स्थान दिले. हे सारे छापलेले आहे. पण रात्री घराबाहेर काढलेल्या बाईला कायद्याचे कलम सापडून भागत नाही. ते कलम हातात घेऊन तिच्याबरोबर चालणारी दुसरी बाई लागते. आपल्या धर्मग्रामांतील महिला मंडळांनी वर्षाचा कार्यक्रम आखताना रमाबाईंचे मराठी पुस्तक एकदा उघडावे. सण, सहली आणि पाककृती यांच्या जोडीला वकील, डॉक्टर, संरक्षण अधिकारी आणि रात्रीपुरता आसरा देणारी चार घरे यांची यादी प्रत्येक मंडळाकडे असावी, आणि ती यादी घेऊन जाणारी माणसेही असावीत. पुस्तकाची खरी समीक्षा वाचक आपल्या वागण्यातून करतात. या पुस्तकाच्या बाबतीत ती आपल्याकडून अजून व्हायची आहे.