हेतू कुणाला सांगायचा? आनंदीबाईंचं भाषण आणि आजची एसओपी

 

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आज मी एखादा ग्रंथ घेऊन बसेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज मी दीड-दोन पानांच्या एका कागदावर बोलणार आहे. परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज करताना तो लिहावा लागतो. त्याचं नाव स्टेटमेंट ऑफ पर्पज. मुलं नुसतं 'एसओपी' म्हणतात. आपल्या घराघरांत हा कागद लिहिला जातो, त्यावर पैसे खर्च होतात, भांडणं होतात, रात्री जागवल्या जातात. आणि तरी मजकूर म्हणून त्याचं वाचन कुणी करत नाही. ते आज आपण करू.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी गेल्या दिवाळीनंतर तिची एसओपी घेऊन माझ्याकडे आली. मला ती आजोबा म्हणते. पहिलं वाक्य असं होतं की, लहानपणापासूनच तिला आकड्यांचं वेड आहे. मी तिला लहानपणापासून ओळखतो. तिला वेड होतं ते मांजरांचं. (हशा.) मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "आजोबा, ते तसंच लिहायचं असतं. सगळे तसंच लिहितात."

सगळे तसंच लिहितात, हे खरंच आहे. या लेखनाचा एक साचा आहे. आधी बालपणीचा एक प्रसंग, मग कॉलेजातला प्रकल्प, मग इंटर्नशिप. मग 'तुमचंच विद्यापीठ का', तिथे दोन प्राध्यापकांची नावं. मग जवळचं ध्येय, मग दूरचं ध्येय. प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीकडे नेणारी. अपघात नाही, कंटाळा नाही, चुकलेली वाट नाही. जणू बावीस वर्षांचं आयुष्य या एका अर्जासाठीच जगलं गेलं.

इथे मला माझ्या विषयातलं एक बोलू द्या. न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. पहिले दोन प्रमाण आणि प्रमेय. तिसरा संशय आणि चौथा प्रयोजन. हा क्रम मी वर्गात कितीतरी वर्षं सांगितला, पण त्यातली गंमत मला निवृत्त झाल्यावर कळली. प्रयोजनाच्या आधी संशय येतो. ज्याला कसली शंकाच पडली नाही, त्याने शोधायचं काय आणि कशासाठी? एसओपी हा प्रकार मुलांकडून संशय वगळून थेट प्रयोजन मागतो. माझा आक्षेप एवढाच नाही, पण सुरुवात इथून आहे.

आता मी तुम्हाला याच प्रकारातला एक जुना मजकूर दाखवतो. फेब्रुवारी १८८३. बंगालमधलं श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात एक मराठी मुलगी इंग्रजीत भाषण करायला उभी राहते. तिला अठरा पूर्ण व्हायला महिनाभर अवकाश आहे. नवरा पोस्टात नोकरीला. ही आनंदीबाई जोशी. दीड महिन्यात ती अमेरिकेला निघणार आहे, आणि लोक तिला हैराण करतायत. म्हणून तिने लोकांचेच प्रश्न घेतले आणि एकेक करून उत्तरं दिली. प्रश्न सहा आहेत. अमेरिकेला का जाते? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? संकट आलं तर काय करशील? आणि जे कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करावंस?

हे प्रश्न नीट बघा. आजच्या एसओपीत यातला पहिला तेवढा उरलाय. दुसरा फार तर अर्धा, तोही इथल्या कॉलेजांना नावं ठेवण्यापुरता. बाकीचे चार गायब आहेत.

उत्तरंही बघा. एकटी का, याचं तिचं उत्तर साधं आहे. नवऱ्यावर घरच्यांची जबाबदारी आहे, दोघांनी जाणं परवडत नाही. म्हणजे पैशाची गोष्ट ती भर सभेत सांगते. इथे का शिकत नाही, याला उत्तर देताना ती इथल्या शिक्षणाच्या मर्यादा सांगते आणि त्याबरोबर रस्त्यात लोक बाईकडे कसे बघतात, काय बोलतात तेही सांगते. समोर बसलेल्यांतलेच काही तसे असणार, हे माहीत असून सांगते.

आणि एक गोष्ट ती सांगत नाही. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं होतं आणि ते दहा दिवसांत गेलं. तिच्या डॉक्टर होण्याचं कारण म्हणून आपण सगळे हीच गोष्ट सांगतो, चित्रपटांतही ती असते. भाषणात ते बाळ नाही. आज एखादा सल्लागार तिच्या शेजारी असता तर म्हणाला असता, बाई, इथूनच सुरुवात करा, समितीच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे! तिने दुःख वापरलं नाही. देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे आणि मी त्यासाठी पुढे येते, एवढंच तिचं म्हणणं. ते खरं आहे की नाही हे ऐकणारा स्वतः तपासू शकत होता. मला यात फार मोठी सभ्यता दिसते.

त्याच वर्षी, जूनमध्ये, अमेरिकेत पोचल्यावर तिने फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. अगदी आजच्या अर्थाची एसओपी म्हणजे ते पत्र. त्याचा स्वर वेगळा आहे, जास्त भारावलेला. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले, हा निर्धारच मला माझा हेतू पुरा करायला उपयोगी पडेल, असा त्याचा आशय. म्हणजे समितीपुढे स्वतःला मांडायचं असतं हे तिलाही कळत होतं. पण क्रम लक्षात घ्या. ज्यांना सोडून जायचं त्यांना आधी उत्तर दिलं, ज्यांच्याकडे जायचं त्यांना नंतर. आज फक्त दुसरं पत्र राहिलंय. पहिलं भाषण आपण सोडून दिलंय.

माझं आजचं म्हणणं हेच आहे. एसओपी खोटी असते ही तक्रार वरवरची आहे. खरी उणीव ही, की हेतू सांगण्याची सगळी मेहनत परक्या वाचकासाठी होते आणि घरात तो हेतू कुणी कुणाला सांगितलेलाच नसतो.

याचा परिणाम काय होतो ते बघा. आज अमेरिकेला जाणारा विद्यार्थी एकच गोष्ट तीन ठिकाणी सांगतो. विद्यापीठाला सांगतो, मला ज्ञानाची ओढ आहे. व्हिसाच्या खिडकीवर सांगतो, शिकून मी परत येणार. तिथल्या कायद्यात २१४(ब) हे कलम आहे. अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं अधिकाऱ्याने धरून चालायचं, आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवायचं. आणि बँकेत? तिथे हिशेब डॉलरमधल्या पगारावर बसवलेला असतो. बँकांच्या नमुना कर्जयोजनेत साडेसात लाखांपुढे तारण लागायचं, म्हणजे बहुतेकदा राहतं घर किंवा गावची जमीन. शिक्षण संपल्यावर अमेरिकेत कामाचा परवाना १२ महिन्यांचा, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना त्यावर आणखी २४ महिने. हप्ते मात्र १५ वर्षांपर्यंत चालू शकतात. ज्ञान, परतणं आणि पगार, तिन्ही हेतू खरे असू शकतात. माणसाच्या मनात एका वेळी तीन हेतू असणं हा गुन्हा नव्हे. पण ते तिन्ही एकत्र ठेवून, त्यांचं आपसात जमतं का, हे कुणीतरी कुठेतरी विचारायला हवं ना? त्यासाठी कुठलाच कागद नाही.

आता मी आनंदीबाईंची आरती करतोय असं समजू नका. त्या भाषणातही मला खटकणारं आहे. चौथ्या प्रश्नाला तिचं उत्तर होतं, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, आहार-पोशाख बदलणार नाही. हे वचन तिने फिलाडेल्फियाच्या थंडीतही शक्य तितकं पाळलं. मार्च १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेली. बावीस वर्षंही पुरी नव्हती. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं, त्यामुळे दोष एका गोष्टीवर टाकणं बरोबर नाही. पण घरच्यांना दिलेलं वचनसुद्धा गळफास होऊ शकतं, हे आपण विसरू नये. शिवाय हेतू मुळात कुणाचा, तिचा की गोपाळरावांचा? काशीबाई कानिटकरांनी तिचं चरित्र लिहिलं, त्यात गोपाळरावांचा करडेपणा झाकलेला नाही. आजही किती मुलांच्या एसओपीत बापाचा हेतू मुलाच्या नावाने लिहिलेला असतो, हे इथे बसलेल्या पालकांनी मनाशी तपासावं.

आणि घरी उत्तर देणं एकतर्फीही असू नये. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. परतल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची, असा करार होता. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला आले. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकलेल्या या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय. मुलगा परत येईल का, हे आपण सगळेच विचारतो. आला तर आपण त्याला घर देऊ का, हा आपल्यासाठीचा प्रश्न. त्याचा कागद कोण लिहिणार?

मी कोण मोठा लागून गेलो हे बोलायला? माझाही हिशेब आहे. मी वर्षानुवर्षं शिफारसपत्रं लिहिली. एका मुलाच्या पत्रात लिहिलं की, याची ध्येयं विलक्षण स्पष्ट आहेत. नव्हती. मला माहीत होतं. पण तसं लिहायचं असतं! पत्र मी त्याला वाचायला दिलं होतं. एका सत्रानंतर तो परत आला आणि कितीतरी दिवस घराबाहेर पडला नाही. वडिलांचं कर्ज डोक्यावर. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "सर, मला तिथे काय करायचंय ते माहीत नव्हतं. पण तुम्ही लिहिलं होतं म्हणून वाटलं, असेल स्पष्ट." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

म्हणून त्या मुलीला मी म्हटलं, एसओपी तुझ्या सल्लागाराच्या पद्धतीने लिही, मला त्यातलं कळत नाही. पण आधी आनंदीबाईंचे सहा प्रश्न घे, आजच्या भाषेत कर, आणि उत्तरं मराठीत लिहून आईबाबांसमोर वाच. का जातेस? इथे का नाही? खर्च कुणाच्या जिवावर? परत आलीस किंवा नाही आलीस, तर आपलं नातं काय राहील? नाही जमलं तर काय? आणि तूच का?

पंधरा दिवसांनी ती आली. तिसऱ्या प्रश्नावर अडलो, म्हणाली. फ्लॅट तारण ठेवणार आहेत हे तिला माहीत होतं. आजीला अजून सांगितलेलं नाही, हे त्या दिवशी कळलं. आणि पाचव्या प्रश्नावर, ती वाचत असतानाच, तिचे बाबा मध्ये म्हणाले, "नाही जमलं तर सरळ परत यायचं. विचारायचं नाही." हे वाक्य त्या घरात त्याआधी कुणी उच्चारलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये ती जातेय. एसओपी साचेबंदच आहे, पण आकड्यांच्या वेडाचं ते पहिलं वाक्य तिने काढून टाकलं. मांजर काही तिने घातलं नाही.

तुमच्या घरात या वर्षी कुणी अर्ज भरत असेल, तर समितीचा कागद लिहायच्या आधी एक संध्याकाळ घरच्या कागदाला द्या. त्यात 'माहीत नाही' असं उत्तर आलं तर ते खोडू नका.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.