हात आणि वस्तू : एका हत्याकांडाच्या दोन वाङ्मयीन नोंदी

सांप्रदायिक हिंसेत गोळी झाडण्यापूर्वी मारेकऱ्याला माणसांची वर्गवारी करावी लागते. समोरच्या माणसाचा धंदा, गाव, नातीगोती, स्वभाव हे सारे बाजूस सारून त्याचा धर्म तेवढा शिल्लक ठेवावा लागतो. फाळणीच्या कथा वाचलेल्या भारतीय वाचकास हे निराळे सांगावयास नको. अशा घटनेविषयी लिहिणाऱ्या लेखकापुढे मात्र त्यातून एक पेच उभा राहतो. मृतांची ओळख त्याने कोणत्या शब्दाने करून द्यावी? मारेकऱ्यांनी उरविलेल्या, की त्या माणसांनी आयुष्यभर वागविलेल्या? उत्तर आयर्लंडमधील एकाच हत्याकांडाविषयी दोन थोर कवींनी केलेले लेखन या दृष्टीने शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे.

५ जानेवारी १९७६ च्या सायंकाळी दक्षिण अर्मा भागातील ग्लेनॅन येथील कापड कारखान्यातून कामगारांना घेऊन एक मिनीबस बेसब्रुक गावाकडे निघाली. बसमध्ये सोळा कामगार होते. त्यांपैकी चार कॅथलिक वाटेत व्हाइटक्रॉस येथे उतरले. पुढे किंग्समिलजवळ बंदूकधाऱ्यांनी बस अडविली, कामगारांना रस्त्यालगत रांगेत उभे केले आणि त्यांच्यात कॅथलिक कोण, असे विचारले. आता असा एकच उरला होता. आदल्याच दिवशी प्रॉटेस्टंट सशस्त्र संघटनेच्या लोकांनी दोन कॅथलिक घरांत शिरून गोळीबार केला होता. त्यात पाचजण ठार झाले, सहावा पुढे मरण पावला. साहजिकच या एकट्याच्या जिवावर बेतले आहे असे वाटून शेजारच्या दोघा प्रॉटेस्टंट भावांनी त्याला पुढे होऊ न देण्याचा प्रयत्न केला. प्रत्यक्षात त्याला दूर पिटाळण्यात आले आणि उरलेल्या अकराजणांवर गोळ्या झाडण्यात आल्या. दहाजण मेले, अठरा गोळ्या लागलेला एकजण वाचला. वेगळेच नाव धारण केलेल्या एका गटाने जबाबदारी घेतली. परंतु हे कृत्य आयरिश रिपब्लिकन आर्मीचेच होते, असा निष्कर्ष २०११ मध्ये जुन्या प्रकरणांचा तपास करणाऱ्या पोलीस पथकाने आणि २०२४ मध्ये मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीने नोंदविला.

मायकेल लाँगली (१९३९–२०२५) यांची ‘द लिनन वर्कर्स’ ही कविता ‘द एको गेट’ (१९७९) या संग्रहातील ‘रेथ्स’ या तीन कवितांच्या मालिकेत येते. अन्य दोन कवितांच्या शीर्षकांत एक सरकारी नोकर आहे, एक भाजीफळांचा दुकानदार आहे. तिन्ही शीर्षके माणसाचा व्यवसाय सांगतात. धर्म एकही सांगत नाही. बंदूकधाऱ्यांनी पुसून टाकलेली ओळख येथे शीर्षकातच परत मिळते. कवितेत रस्त्यावर विखुरलेले चष्मे, पाकिटे, सुटी नाणी आणि दातांची एक कवळी दिसते. या वस्तूंवरून कोणाचाही पंथ ओळखता येत नाही. पुढे कवी आपल्या दिवंगत वडिलांकडे वळतो आणि त्यांना पुन्हा एकवार मूठमाती देण्यापूर्वी चष्मा पुसणे, खिशात पैसे ठेवणे, कवळी बसविणे ही कृत्ये मनोमन करतो. या आत्मपर वळणाने मूळ मृत मागे पडतात, असा आक्षेप घेता येईल. मला तो ग्राह्य वाटत नाही. परक्यांच्या दुःखावर हक्क सांगण्याचा संकोच असल्यामुळेच लाँगली स्वतःच्या घरातील प्रेतापाशी थांबतात.

शेमस हीनी (१९३९–२०१३) यांनी हीच घटना १९९५ मध्ये आपल्या नोबेल व्याख्यानात सांगितली. त्यांच्या कथनाचे मर्म, शेजारच्या प्रॉटेस्टंट कामगाराने त्या कॅथलिकाचा हात दाबून दिलेल्या मूक आश्वासनात आहे. या स्पर्शात हीनींना आपल्या समाजाच्या इष्ट भविष्याची चाहूल लागते. तो व्यर्थ ठरला, हे ते लपवीत नाहीत. शोकाला सुंदर रूप देण्यातील धोकाही त्यांना ठाऊक होता. १९७५ मध्ये अर्मा परगण्यातच मारल्या गेलेल्या आपल्या एका नातलगावर त्यांनी ‘फील्ड वर्क’ (१९७९) या संग्रहात विलापिका लिहिली होती. ‘स्टेशन आयलंड’ (१९८४) मध्ये तोच मृत नातलग येऊन, कवीने आपल्या मरणाचे ओंगळपण झाकले, असा दोष त्यांना देतो.

एवढी सावधगिरी असूनही व्याख्यानातील कथनात एक उणीव राहते. व्हाइटक्रॉसला उतरून गेलेले चारजण त्यात नाहीत. त्यांच्याविना ही हकिगत एका प्रॉटेस्टंट समूहाची आणि त्यातील एका अपवादाची होते. हात दाबण्याची कृती मग चमत्कारासारखी भासते. चौघांना जमेस धरले, तर तिचा अर्थ पालटतो. एकाच कारखान्यात राबणारे, एकाच बसने घरी परतणारे दोन्ही पंथांचे लोक असे तिचे चित्र उभे राहते. त्या हाताने काही नवे केले नाही. यंत्रांशेजारी आणि बसच्या बाकांवर जे आधीपासून चालत आले होते, तेच त्याने बंदुकीसमोर चालू ठेवले. हीनी ज्याला भविष्य म्हणतात, ते त्या कामगारांचे सकाळपर्यंतचे आयुष्य होते.

हा भेद केवळ तपशिलाचा नाही. सलोखा नेहमी पुढील काळात ठेवला, तर हिंसेने नेमके काय मोडले हे दिसेनासे होते आणि मारेकऱ्यांना अभिप्रेत असलेले ‘समाज मुळातच दुभंगलेला आहे’ हे गृहीतक नकळत मान्य केल्यासारखे होते. हीनींचा परिच्छेद करुणेच्या दृष्टीने श्रेष्ठ आहेच. परंतु लाँगली यांनी कामगारांना कामगार म्हणून संबोधिले, यात मला अधिक खोल न्यायबुद्धी दिसते. त्यांच्या वस्तूंच्या यादीमागे एक संपत आलेला कामाचा दिवस आहे. त्या दिवसाची नोंद राहिली, तरच दहा मृत्यूंनी काय नाहीसे केले हे वाचकाला कळते.